सेनापती म्हणजे शह

शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

माझं अक्षर बघून तू पत्र तसंच बाजूला टाकशील, म्हणून पाकिटावरचा तो गाव नसलेला फौजी पत्ता घरमालकीण शालूबाईंकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

नेसरीला सगळं ठीक आहे. भाताची मळणी झाली. अप्पांचा खोकला गेला. अव्वा रोज सकाळी तुझ्या फोटोपुढं विभूती ठेवते आणि मग चहा टाकते. मीही बरी आहे. सध्या फौंड्रीला सुट्टी आहे. म्हणजे फौंड्रीला नाही, मला आहे.

आकाराम बर्फात गेला त्या हिवाळ्यात तू मला सीमेवरून शेवटचा फोन केला होतास. ज्यांच्यामुळं आम्हाला एवढ्या वर चढावं लागलं त्यांची भाषा बोलून तू पोट भरणार असशील, तर माझ्याशी आपली भाषा बोलू नकोस, असं म्हणालास. तुझा लहानपणापासूनचा दोस्त गेला होता. मी उलट काही बोलले नाही. आजही वाद घालायला लिहीत नाही.

लिहायचं आहे ते फांग नावाच्या एका माणसाबद्दल. शिरोलीच्या ज्या फौंड्रीत मी दुभाषी आहे, तिथं साचे पाडायचं नवं यंत्र चीनमधून आलंय. ते बसवायला तिकडचे कारागीर आले होते. दिवाळीच्या आधी बाकीचे परत गेले, फांग एकटे मागं राहिले. साठीच्या आसपासचे असतील. सगळे त्यांना फांगमामा म्हणतात. पोट चांगलंच सुटलंय. त्यावरून पोरं हसली की स्वतःच पोटावर थाप मारून म्हणतात, ‘जियांगजुन-दू’. म्हणजे सेनापतीचं पोट. त्यांच्याकडं सुटलेल्या पोटाला असंच म्हणतात, त्यात लष्कराचा काही संबंध नाही. बाकीचे गेल्यावर मला म्हणाले, आता मी बोडक्या कांडीचा सरसेनापती. हाताखाली कुणी न उरलेल्या साहेबाला ते असं म्हणतात. पाला सोललेला ऊस जसा उभा असतो, तसा.

हे सगळं तुला कशाला सांगते आहे असं वाटेल. पुढं कळेल.

एकच काम आहे. तुझ्या साहेबांनी किंवा आणखी कुणी माझ्याबद्दल विचारलं, तर जे खरं असेल तेच सांग. माझी बाजू घेऊ नकोस. काळजीचं काही नाही.

पवित्रा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

काळजीचं काही नाही असं लिहिलं होतं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते वाक्य टोचतंय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

फांगमामा इथं कोल्हापुरातच, अमरसिंह म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतात. संध्याकाळी गॅलरीत बसून फोनवर आपल्या थोरल्या भावाशी डाव खेळतात. त्यांच्याकडं बुद्धिबळासारखा एक खेळ आहे. हे इकडून एक चाल बोलून पाठवतात, तिकडून भाऊ उत्तराची चाल बोलून पाठवतो. पट मांडत नाहीत. लहानपणी दोघं वीटभट्टीवर काम करायचे तेव्हा विटा वाहता वाहता एकमेकांना चाली ओरडून सांगायचे. ती सवय राहिली. पट दोघांच्याही डोक्यात असतो.

त्या खेळात तोफा असतात, रथ असतात, घोडे आणि प्यादी असतात. पटाच्या मधोमध एक मोकळी पट्टी असते, तिला नदी म्हणतात. आणि राजा नसतो. त्याच्या जागी सेनापती असतो. आपण ‘शह’ म्हणतो ना, तिथं ते ‘जियांगजुन’ म्हणतात. ‘सेनापती!’ असं मोठ्यानं ओरडतात.

अमरसिंहांनी खालून हे ओरडणं ऐकलं. एकदा नाही, बऱ्याचदा. शेवटी त्यांनी आपला फोन गॅलरीकडं धरला आणि त्यातल्या भाषांतराच्या सोयीला विचारलं. फोननं सांगितलं: ‘तोफ दोन, आडवी, पाच.’ मग, ‘सैनिक नदी पार करून गेला.’ मग, ‘सेनापती!’ त्याच आठवड्यात फांगमामा सुट्टीच्या दिवशी शिरोळला कृष्णा बघायला गेले होते. पुलाचे फोटो काढून आणले होते आणि कौतुकानं अमरसिंहांनाच दाखवले होते. त्या माणसानं काय समजावं? ते पोलिसांत गेले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी अप्पा असते तरी गेले असते.

चौकीत निशिगंधा म्हणून फौजदार मॅडम आहेत. त्यांनी मला दुभाषी म्हणून बोलावलं. कागदावर उतरवलेलं ते भाषांतर माझ्या हातात दिलं आणि अण्णा, मला हसू आलं. खोलीत दुसऱ्या खात्याचे एक साहेबही बसले होते. ते हसले नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं, खेळ, तोफ, नदी. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचा भाऊ काय करतो?”

मी सांगितलं.

“कुठं असतो?”

मी म्हणाले, मला माहीत नाही, आमचं बोलणं नाही. ते खरंच होतं, पण ऐकायला कसं वाटलं असेल बघ. भाऊ चीनच्या सीमेवर, बहीण चिन्यांची दुभाषी, आणि भावाशी बोलणं नाही म्हणते. तिथून मी दुभाषी उरले नाही. माझाही फोन काढून घेतला. फौंड्रीतून निरोप आला की सध्या येऊ नका. ती माझी सुट्टी.

मला अटक नाही, कुणी वाईट वागलं नाही. रोज बोलावतात, तेच तेच विचारतात. फांगमामांचा पासपोर्ट आणि फोन त्यांच्याकडं आहेत. मला माझी भीती फारशी नाही. मला फक्त एवढंच वाटतं, की तू इतकी वर्षं थंडीत काढून हवालदार झालास आणि माझ्यापायी तुझ्या नावापुढं काही लिहिलं जाऊ नये. कुणी विचारलं तर, ही भाषा सोड म्हणून मी तिला तेव्हाच बजावलं होतं, असं सांगून टाक.

फांगमामांना फक्त एक गोष्ट कळते. भावाची चाल येऊन पडली आहे आणि आपलं उत्तर गेलेलं नाही. मला रोज विचारतात, आज तरी घरी निरोप देऊ देतील का. थोरल्याला वाटेल, मी मेलो.

पवित्रा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१५ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

आज पट मांडला.

सकाळी चौकीत गेले तर बाहेरच्या बाकावर अप्पा. पहिल्या एसटीनं आलेले. मांडीवर अव्वानं दिलेली भाकरीची पिशवी. मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं, पण शालूबाईंना राहवलं नाही म्हणून त्यांनी फोन केला होता. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “जेवलीस का?” आणि शेजारी जागा करून दिली.

मग निशिगंधा मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, “तू म्हणतीस ह्यो खेळ हाय. मग खेळून दाखवू दे की.”

त्यांनी त्याची तयारी आधीच केली होती. पुण्यात चिनी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, मला किंवा फांगमामांना कधी न भेटलेल्या. त्यांना फोनवर घेतलं होतं. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं. फांगमामांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पट आखला. चिठ्ठ्या केल्या, त्यांवर पुण्याच्या बाईंनी सांगितलं तशी मॅडमनी मराठीत नावं घातली.  पटाच्या दोन रेघा फांगमामांना पुन्हा आखाव्या लागल्या.

दुसऱ्या खात्याच्या त्या साहेबांनी आधीच शंका काढली, की हा माणूस मनाला येईल तिथं चिठ्ठी सरकवेल आणि आपण खेळ समजू. शंका बरोबरच होती. म्हणून त्यांनी फांगमामांना हातच लावू दिला नाही. पुण्याच्या बाईंनी प्रत्येक सोंगटी कशी चालते ते सांगितलं. फोनमधले निरोप ज्या क्रमानं आले-गेले त्या क्रमानं बाईंना ऐकवले, त्या मराठीत सांगत गेल्या आणि चिठ्ठ्या सरकवल्या मॅडमनी आणि साहेबांनी. एक बाजू मॅडम, दुसरी बाजू ते साहेब.

पहिला निरोप. ‘तोफ दोन, आडवी, पाच.’ मॅडमनी तोफेची चिठ्ठी मधल्या रेघेवर आणून ठेवली. ‘घोडा आठ, पुढे, सात.’ साहेबांनी घोडा उचलला, मोजला, ठेवला. बसला बरोबर. पुढची चाल बसली. त्याच्या पुढची बसली. ‘सैनिक नदी पार करून गेला’ हा निरोप आला तेव्हा साहेबांच्या हातातलं प्यादं त्या मोकळ्या पट्टीपलीकडं उतरत होतं. ते थांबले. चिठ्ठी हातात धरून कागदाकडं बघत राहिले. मग ठेवली.

अप्पांना मॅडमनी दाराशी बसू दिलं होतं. ते बराच वेळ मान लांब करून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “ह्यात वजीर न्हाय व्हय?” कुणीतरी हसलं. फांगमामांना शब्द कळला नाही, पण हसणं कळलं. त्या खोलीत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

‘सेनापती!’ हा निरोप प्रत्येक वेळी तेव्हाच आला, जेव्हा कुणाचा तरी रथ नाहीतर तोफ समोरच्या सेनापतीवर रोखली गेली होती. एकदाही चुकलं नाही. तिसऱ्या वेळी तर बाई सांगायच्या आधी साहेबच बोलले, “आता शह येणार.” आला.

शेवटचा निरोप थोरल्या भावाचा, उत्तराविना पडलेला. त्यातही ‘सेनापती!’ होतं. फांगमामांचा सेनापती कोंडीत सापडला होता. खेळ तिथं थांबला, कारण पुढं निरोपच नव्हते. पण मॅडम पटावर वाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मग आता ह्यो कुठं जाणार?” त्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मानेनंच होकार दिला. फांगमामांनी एक बोट पुढं केलं आणि सेनापतीची चिठ्ठी एक घर बाजूला सरकवली. एकच घर. मग मान खाली घालून रडले. आवाज न करता रडत होते. अप्पा उठले आणि त्यांच्यापुढं पिशवीतली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून आले.

निर्णय वरून यायचा आहे. अजून काहीही होऊ शकतं, हे मला कळतं. पण आज मी पोटभर जेवले आणि अप्पांना एसटीत बसवून येताना रस्त्यावरचं सगळं मला नीट दिसत होतं. तालमीपुढं पोरं फुटबॉल खेळत होती, त्यांच्या आरडाओरड्याचा इतके दिवस त्रास व्हायचा. आज तिथं उभी राहून एक गोल बघितला.

तुझ्याकडं कुणी चौकशी केली का, ते मला माहीत नाही. केली असेल तर मला क्षमा कर.

पवी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

सुटलो. दोघंही.

वरून कागद आला. संशयास्पद काही आढळलं नाही. फांगमामांना पासपोर्ट आणि फोन मिळाला, मलाही माझा फोन मिळाला, फौंड्रीच्या मालकांनी स्वतः येऊन सोमवारपासून या म्हणून सांगितलं. अमरसिंह माडीवर गेले होते.  फांगमामांनी त्यांना चहा दिला आणि माझ्याकडून निरोप सांगितला, की तुम्ही माझ्या गावात असता आणि मला तुमचं बोलणं असं ऐकू आलं असतं, तर मीही गेलो असतो. आता अमरसिंह तो खेळ शिकतायत. फार वाईट खेळतात.

फोन हातात आल्या आल्या फांगमामांनी आपली चाल पाठवली. लगेच भावाचं उत्तर आलं. मी शेजारीच होते. म्हातारा म्हणत होता, इतके दिवस विचार करून ही असली चाल काढलीस? आणि मग बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज. फांगमामांनी तो निरोप पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

पण पत्र त्यासाठी नाही. मी सही करायला चौकीत गेले तेव्हा निशिगंधा मॅडमनी मला थांबवून घेतलं. बाकीचे बाहेर गेल्यावर म्हणाल्या, पट मांडून बघायचं माझ्या मनात नव्हतं. तुझ्यावर विश्वास ठेवायचं मला काही कारण नव्हतं. मग तुझ्या भावाच्या साहेबांशी बोलणं झालं आणि त्यांनी फोन भावाकडंच दिला.

तू काय म्हणालास ते त्यांनी मला तुझ्याच शब्दांत सांगितलं.

“भनीशी माझं बोलणं न्हाय. ती भाषा तिनं शिकल्याली मला आवडली न्हाय, आजबी आवडत न्हाय. पर ती म्हणत असंल की त्यो डाव हाय, तर त्यो डावच हाय. मांडून बघा.”

मांडून बघा, हे तू म्हणालास. मला वाटत होतं ते मॅडमचं डोकं.

मी चौकीतून निघाले आणि रंकाळ्यापर्यंत चालत गेले. तिकडं मला काही काम नव्हतं. काठावर बसले. इतके दिवस मी तुला लिहीत होते ते घाबरून लिहीत होते, की तुझं काहीतरी माझ्यामुळं मोडेल. आणि तू मात्र न बोलता, न बदलता, जिथं उभा होतास तिथूनच मला हात दिलास. मी बाजू घेऊ नकोस म्हटलं होतं. तू घेतली नाहीसच. खरं तेवढं सांगितलंस.

निघताना मॅडमनी विचारलं होतं, एवढा कडक भाऊ, भांडण कशावरून झालं? मी म्हणाले, एका शब्दावरून नाही, सगळ्या भाषेवरूनच. त्या म्हणाल्या, मग मिटायला वेळ लागंल. लागू दे. मला आता घाई नाही.

पवी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१४ डिसेंबर २०२५

अण्णा,

तुझं कार्ड आलं. अव्वाला फोनवर वाचून दाखवलं, शेवटचा भाग सोडून. तो तू फक्त मला लिहिलायस, असं समजले.

कुठं आणि कधी ते मी विचारत नाही. तू लिहिलंयस तेवढ्यावरच बोलते. धुकं होतं. पलीकडच्या चिनी शिपायांपैकी कुणीतरी घसरून बर्फाच्या घळीत पडलं आणि वरून एक कोवळा आवाज पुन्हा पुन्हा एकच शब्द ओरडत होता. ‘बानजांग, बानजांग.’ तुझी पोरं चिडली. त्यांना वाटलं, पडले स्वतःच्या पायानं आणि शिव्या आपल्याला देतायत. तुलाही तसंच वाटलं. तरी तू दोर सोडायला लावलास, माणूस वर आला, ते त्यांच्या वाटेनं गेले, तुम्ही तुमच्या. परत आल्यावर तुझ्यातलाच एकजण म्हणाला, आपल्याला शिव्या घालणाऱ्याला कशाला काढला? तुझ्यापाशी उत्तर नव्हतं. आणि आकारामची आठवण काढून तू झोपला नाहीस. तू विचारलंयस, ती शिवी कसली होती.

शिवी नव्हती, अण्णा.

मला अर्थ माहीत होता, तरी फांगमामांना विचारून पक्कं केलं. तरुणपणी तेही थोडे दिवस सैन्यात होते, हे मला तेव्हा कळलं. बानजांग हा हुद्दा आहे. दहा-बारा शिपायांच्या तुकडीचा पुढारी. आपल्याकडच्या हवालदाराचं काम. नवी पोरं त्याला नावानं नाही, हुद्द्यानंच हाक मारतात, जशी तुझी पोरं तुला ‘उस्ताद’ म्हणतात. फांगमामा म्हणाले, घरापासून लांब गेलेल्या पोराला पहिल्या हिवाळ्यात आईच्या आधी हाच शब्द तोंडात येतो. जेवण कमी पडलं तरी बानजांग, पाय गोठला तरी बानजांग. त्यांच्या स्वतःच्या बानजांगचा चेहरा त्यांना अजून आठवतो म्हणाले.

त्या पोराचा जोडीदार खाली पडला होता. तुम्हाला तो काहीच म्हणत नव्हता. तुम्ही तिथं आहात हेही त्याला धुक्यात दिसलं नसेल. तो आपल्या हवालदाराला हाक मारत होता.

तुझ्या त्या शिपायाला हे सांग. उत्तर नव्हतं म्हणालास ना, आता आहे. पोरानं हवालदाराला बोलावलं आणि हवालदार आला. दुसऱ्या बाजूचा आला, एवढंच.

पवी